वाचकांची विचारणा : जुनी गाडी, तिचा पत्रा आणि तिचे कागद

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी देवरुखजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. रोजचे जाणे-येणे आणि अधूनमधून कोल्हापूरला माहेरी जाणे, एवढ्यासाठी चार लाखांच्या आतबाहेर सेकंडहँड पेट्रोल गाडी घ्यायची आहे. कोल्हापुरातील एका डीलरकडे एक गाडी पाहिली. तो सहा महिन्यांची वॉरंटी देतो, परंतु किंमत पन्नास हजारांनी जास्त आहे. तेच मॉडेल आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे आहे. ते रत्नागिरीत मिऱ्या किनाऱ्यालगत राहतात. गाडी एकाच मालकाची असून फारच कमी चालली आहे. घरच्यांचा कौल ओळखीच्या गाडीला आहे. आपले मत काय?

उत्तर : मालक ओळखीचा असला म्हणजे गाडीही ओळखीची झाली, असे नाही. सद्गृहस्थाची गाडीसुद्धा खारा वारा खातेच, आणि मिऱ्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी बाहेरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. म्हणून त्या गृहस्थांना पहिला प्रश्न गाडी किती चालली हा न विचारता ती कुठे उभी असते हा विचारावा. बंद गॅरेज असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या पत्र्याच्या शेडचा खाऱ्या हवेपुढे फारसा उपयोग होत नाही.

त्यानंतर गाडी एखाद्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून पाहावी. हे पाहणे आपल्या विश्वासातील मेकॅनिकने करावे. विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिकने नव्हे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निचरा होण्यासाठी बारीक भोके असतात. आपल्याकडे ती तांबड्या मातीने आणि पाचोळ्याने बुजतात, पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. रंगाला फुगे येईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. त्या कडेवरून बोट फिरवले तर खरखर हाताला लागते. दरवाजाखालची पट्टी, चाकांच्या कमानी, बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारी शॉकअब्सॉर्बरची बैठक, मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेकचे पाइप या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहाव्यात. शाबूत पत्रा खणखणीत आवाज देतो, पुटी भरलेली जागा बद्द वाजते. फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबकही पुटीवर नीट चिकटत नाही. खालून नुकताच काळा कुळकुळीत अंडरकोटिंगचा थर मारलेला असेल, तर त्याला गुण न मानता त्याखाली काय झाकले आहे ते पाहावे.

कमी चालणे ही नेहमीच जमेची बाजू नसते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्क गंजतात, हँडब्रेक जाम होतो, बॅटरी बसते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. हा शेवटचा उपद्रव कोकणातील कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारावा, तो तासभर बोलेल. टायरच्या बाजूवर चार अंक असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. मीटरवर फार कमी किलोमीटर दिसत असताना क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदी मागाव्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर त्या दिवशीचे रीडिंग असते आणि मीटर मागे फिरवणाऱ्याला ती बिले सहसा बदलता येत नाहीत.

आता डीलरविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे अपेक्षित आहे. मालक गाडी अशा डीलरच्या ताब्यात देतो, तेव्हा नमुना २९ सी द्वारे त्याची सूचना आरटीओला जाते आणि गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरवर राहते. हे अधिकारपत्र दाखवा, असे निःसंकोच म्हणावे. हमरस्त्याच्या कडेला चार गाड्या उभ्या करून बसलेला प्रत्येक जण डीलर नसतो. बरेच जण निव्वळ दलाल असतात, आणि गाडी अजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर असते.

वॉरंटी नेमकी कशाची, हे लेखी घ्यावे. बहुधा ती इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते. क्लच, सस्पेन्शन, एसी, बॅटरी, म्हणजे जुन्या गाडीत जे आधी जाते, ते सारे वगळलेले असते. आणखी एक गोष्ट : जुन्या गाडीवरील जीएसटी २०२५ च्या आरंभापासून १८ टक्के झाला आहे, परंतु तो डीलरच्या खरेदी आणि विक्री किमतीतील फरकावर आहे. साडेचार लाखांवर १८ टक्के लावून वर मागणाऱ्याला नमस्कार करून निघावे. खासगी मालक स्वतःच्या वापरातील गाडी विकतो, तेव्हा हा कर लागत नाही.

मग पन्नास हजार जास्त देऊन काय मिळते? मुख्यतः दाद मागण्याचा मार्ग. डीलर हा व्यापारी असल्याने त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते; २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे आपल्या बाबतीत रत्नागिरीत, तक्रार दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. आपली गाडी एकदाच विकणारा गृहस्थ व्यापारी ठरत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद झाला तर दिवाणी न्यायालय उरते. आणि ओळखीच्या माणसावर दावा लावणार कोण? या कारणास्तव ओळखीच्या व्यवहारात तपासणी अधिक कडक हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे. मिऱ्याच्या गाडीचा पत्रा वरील कसोटीला उतरला, तर ती खुशाल घ्यावी. बैठकीजवळ किंवा पट्टीत गंज निघाला, तर ती आणखी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण इंजिनाचे काम करून घेता येते, कुजलेल्या सांगाड्याचे नाही.

आपल्याला आंबा घाटातून नेहमी जायचे असल्याने चाचणी सपाटीवर उरकू नये. साखरप्याच्या पुढे घाटाच्या चढावर, सुरक्षित जागी गाडी थांबवून पहिल्या गिअरमध्ये उचलून पाहावी. इंजिन ओरडते पण गाडी रेंगाळते, असे झाले तर क्लचप्लेट संपत आली आहे. माथ्यावर पोचेपर्यंत तापमानाचा काटा चढता कामा नये. चाचणीपूर्वी गाडीचा विमा आणि पीयूसी चालू असल्याची खात्री करावी. पैसे बँकेतूनच द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. हे कळले की रोखीचा आग्रह धरणारे विक्रेते सहसा नरमतात.

प्रश्न : चिपळूणमध्ये २०१९ ची एक गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. ती महापुरात बुडाली होती का, हे कसे ओळखावे? मालक ‘पाणी चाकापर्यंतच आले होते’ असे म्हणतात. (एक वाचक, खेड)

उत्तर : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले, हे आपण विसरला नसालच. अशा पाण्यात उभी असलेली गाडी नुसती भिजत नाही. चिखल मऊ जागांत शिरून बसतो आणि वायरिंगचे जोड दोन-तीन पावसाळे उलटल्यावर एकेक करून दगा देऊ लागतात.

प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत, अडेपर्यंत बाहेर ओढावा. गाडी धुणारे बेल्टचा दिसणारा भाग धुतात. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर गढुळाची रेघ राहून जाते. मग सीट पुढे सरकवून तिचे रूळ आणि स्क्रू पाहावेत. मातीच्या पायांनी गाडीत चढणाऱ्या माणसामुळे गालिचा खराब होतो, पण सीटखालचे स्क्रू गंजत नाहीत. डिकीतील स्टेपनी काढून खालच्या खोलगट जागेत हात घालावा आणि फ्यूजबॉक्सचे झाकण उघडून कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का ते पाहावे. काचा बंद ठेवून गाडी अर्धा तास उन्हात उभी करावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. सुगंधी डबीचा उग्र दरवळ आला, तर संशय वाढवावा.

कागदांतूनही माग लागतो. २०२१ च्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही विमा पॉलिसी मागाव्यात. दावा न केल्यास मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते आणि दावा केला की सामान्यतः शून्यावर येते. आधीच्या पॉलिसीवर सवलत असेल आणि पुरानंतर नूतनीकरण झालेल्या पॉलिसीवर ती शून्य झाली असेल, तर मधल्या काळात मोठे काम निघाले होते, असे समजावे आणि ते कोणते याचे बिल मागावे. चाकापर्यंत पाणी आल्याने फार बिघडत नाही, परंतु मालकाच्या शब्दापेक्षा सीटबेल्टवर विश्वास ठेवावा. अशी गाडी केवळ चिपळूणचीच असते असेही नाही : त्याच पावसाळ्यात महाड बुडाले होते, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूर-सांगलीकडेही पूर होता. ‘घाटावरची गाडी म्हणजे सुकी गाडी’ हा आपल्याकडचा समज त्यामुळे सरसकट धरता येत नाही.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी माझी गाडी एका एजंटमार्फत विकली. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दिल्या होत्या. आता पनवेल परिसरातील चलने माझ्या मोबाईलवर येत आहेत. एजंट फोन उचलत नाही. (एक वाचक, मालवण)

उत्तर : चलने ही यातील किरकोळ बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच ठरवले : गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्या नावे राहिली होती, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्या नोंदणीकृत मालकावर आले. म्हणून एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू आहे की नाही, हे आजच पाहावे. तो संपला असेल, तर आपला धोका चलनांच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

विक्रीची जी काही लेखी कागदपत्रे असतील, म्हणजे पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद, पावती, एजंटशी झालेले संदेश, ती जोडून आरटीओकडे लेखी अर्ज द्यावा, गाडी आपल्या ताब्यात नसल्याचे नमूद करावे आणि पोच घ्यावी. पोलीस ठाण्यातही तसाच अर्ज द्यावा. चलनावरील छायाचित्रात गाडीचे ठिकाण कळते. त्यावरून सध्याच्या ताबेदाराचा शोध लागल्याची उदाहरणे आहेत.

विकण्याच्या बेतात असलेल्या इतर वाचकांसाठी : राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० असतात. कोऱ्या नमुन्यावर सही देऊ नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा लिहून एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. कर्ज घेतले असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरील बोजा आधी उतरवावा. बोजा असलेली गाडी ‘हप्ते तुम्ही भरा’ या बोलीवर देणे हा दोन्ही बाजूंनी आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

प्रश्न : गोवा पासिंगची गाडी स्वस्त मिळते. ती सावंतवाडीत बारा महिने तशीच चालवता येते, हे खरे का?

उत्तर : ती मुदत आपली गाडी घेऊन परराज्यात राहायला गेलेल्या मालकासाठी आहे. आपण सावंतवाडीचे रहिवासी असून गाडी विकत घेत आहात, त्यामुळे मालकी बदलाची नोंद आपल्याच आरटीओकडे करावी लागेल. त्यासाठी गोव्यातील आरटीओचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागेल, महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागेल आणि नवा एमएच-०७ क्रमांक घ्यावा लागेल. कराचा आकडा आधी आरटीओकडून काढून तो किमतीत मिळवून पाहावा. पुष्कळदा स्वस्ताई तिथेच संपते. एमएच-०८ किंवा एमएच-०९ ची गाडी घेतल्यास मात्र क्रमांकही बदलत नाही आणि एकरकमी करही पुन्हा भरावा लागत नाही.

प्रश्न : दापोलीतील शेजाऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी गाडी विकू इच्छितात. गाडी अद्याप दिवंगतांच्या नावे आहे. थेट माझ्या नावावर होईल का?

उत्तर : नाही. आधी ती नमुना ३१ द्वारे वारसाच्या नावे झाली पाहिजे. मृत्यूची माहिती ३० दिवसांत आणि हा अर्ज तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे. मृत्यूचा दाखला लागेल, आणि मुलगे-मुली असल्यास त्यांची संमतीही घेऊन ठेवावी, अन्यथा मुंबईतील एखादा मुलगा गणपतीला गावी आल्यावर गाडी कुठे गेली म्हणून विचारेल. गाडी काकूंच्या नावे झाल्यावर नमुना २९ व ३० भरावेत. तोवर बयाणा द्यायचा असेल तर तो बँकेतून आणि थोडाच द्यावा. दिवंगतांची जुनी तारीख घालून सही मारून देतो, असे सांगणारा एजंट भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवावे, कारण तो फौजदारी गुन्हा आहे आणि कागदावर नाव आपले येणार आहे.