निःशस्त्रीकरण शिकू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा ‘बायका आणि निःशस्त्रीकरण’ या विषयावरच्या संशोधनाचा आराखडा, दोन्ही वाचलं. मुलाखतीत कुणीतरी ‘हा फार सॉफ्ट विषय आहे, क्षेपणास्त्रं घे, चीन घे’ असं सुनावलं आणि तू हिरमुसलीस, हे ओळीओळीतून कळतंय. त्यांचं ऐकून विषय सोडू नकोस. पण खरं सांगायचं तर आराखडा आत्ता आहे तसा मऊच आहे. ‘स्त्रिया स्वभावतः शांतताप्रिय असतात, त्यामुळे शस्त्रनियंत्रणाच्या वाटाघाटींत त्यांची संख्या वाढली तर जग सुरक्षित होईल’ असं तुझं पहिलंच वाक्य आहे. ते आधी खोड.

अरुंधती घोष तुला माहीत असतील. लहानपण मुंबईत गेलेल्या, फोर्टातल्या कॅथीड्रल शाळेच्या विद्यार्थिनी. १९९६ साली त्या जिनिव्हात भारताच्या राजदूत होत्या. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराचा मसुदा बडे देश नेटाने पुढे रेटत होते. अण्वस्त्रधारी देश आपली अस्त्रं ठरावीक मुदतीत संपवायला तयार नसतील तर भारत सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही, असं या बाई निःशस्त्रीकरण परिषदेत ठणकावून सांगत होत्या. ती परिषद एकमताने चालते, त्यामुळे मसुदा तिथे अडला. मग तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेऊन सप्टेंबरमध्ये मंजूर करून घेतला गेला. भारताने विरोधात मत दिलं आणि पुढे दोन वर्षांनी पोखरणला चाचण्या केल्या.

२०१३च्या एप्रिलमध्ये शस्त्रव्यापार करार, म्हणजे देशादेशांतल्या शस्त्रांच्या व्यापाराला नियम घालणारा करार, आमसभेत आला. १५४ देश बाजूने, ३ विरोधात, २३ तटस्थ. तटस्थांत आपण होतो. मसुद्यात निर्यातदार देशांना झुकतं माप आहे आणि दहशतवादी गटांना पोचणाऱ्या शस्त्रांबद्दल तो ढिला आहे, अशी आपली तक्रार होती. त्या वाटाघाटींत भारताची बाजू मांडत होत्या सुजाता मेहता.

आता या दोघींना तुझ्या पहिल्या वाक्यात बसवून दाखव. बसत नाहीत. बड्यांनी अस्त्रं ठेवायची आणि इतरांनी चाचणीही करायची नाही, हा घोषबाईंचा विषमतेचा मुद्दा मला आजही पटतो, आणि १९९८च्या चाचण्या आजही पटत नाहीत. तू उलट म्हणू शकतेस. पण या बायका ‘शांततेचा आवाज’ म्हणून तिथे गेल्या नव्हत्या. त्या आपल्या देशाच्या वकील म्हणून गेल्या होत्या आणि वकिली त्यांनी चोख केली.

म्हणून वाटाघाटींच्या टेबलाशी बाई आहे का, हा प्रश्न वेगळा ठेव. एखादं शस्त्र कुणाला काय करतं हे शोधताना बाई-पुरुष हा फरक लक्षात घेतला जातो का, हा दुसरा प्रश्न. तू दोन्हींची सरमिसळ केली आहेस, आणि बरेचसे अहवालही तेच करतात. लोकलला बायकांचा डबा जोडला म्हणून टाइमटेबल बायकांनी ठरवलं असं होत नाही. डबा हवाच, त्यासाठी भांडायलाच हवं. पण टाइमटेबलचं भांडण निराळं.

टेबलाशी जागा मिळण्याचा इतिहास मात्र आपल्याकडे भारी आहे, तो तू दोन ओळींत उरकलास. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९मध्ये रुजू झाल्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि लग्नानंतर संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येई. पुरुषांना असलं काही नव्हतं. १९७९मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला सुरू असतानाच त्यांना बढती मिळाली, म्हणून याचिका निकाली निघाली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर चांगलेच कोरडे ओढले. आता यातला तुझ्या कामाचा भाग, जो फारसा कुणी सांगत नाही: स्वीडनचे माजी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखाली १९८०मध्ये निःशस्त्रीकरणावर जो स्वतंत्र आयोग नेमला गेला, त्यात भारताच्या सदस्य याच मुथम्मा होत्या. एवढ्या मोठ्या आयोगात त्यांच्याखेरीज बाई एकच, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड. ज्या बाईला घरचं सरकार लग्नाची परवानगी मागायला लावत होतं, ती अण्वस्त्रांवर जगाला सल्ला देत होती. पहिलं प्रकरण इथून सुरू कर.

त्याच्याही मागे जायचं तर ८ डिसेंबर १९५३. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ हे गाजलेलं भाषण करतात आणि सुरुवातीलाच ‘मॅडम प्रेसिडेंट’ म्हणतात, कारण आमसभेच्या अध्यक्ष विजयालक्ष्मी पंडित आहेत. याच पंडित पुढे १९६२मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मलबार हिलच्या राजभवनात राहायला आल्या. मधल्या काळात, १९५६मध्ये, ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झालेली होती. पंडितबाईंचा निःशस्त्रीकरणात किती हात होता हे मी सांगत नाही, अध्यक्षपद बरंचसं मानाचं असतं. पण मुंबईत बसून हा विषय परका वाटायचं कारण नाही, एवढं नक्की.

आजची आकडेवारी तू कुठल्यातरी लेखातून उचलली आहेस. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण संशोधन संस्थेच्या २०१९च्या अभ्यासाप्रमाणे मोठ्या बैठकांत बायका साधारण एक तृतीयांश, आणि निवडक तज्ज्ञांच्या छोट्या गटांत पाचात एक. म्हणजे प्रत्यक्ष मसुदा जिथे शिजतो तिथे कमी. पण तू स्वतः मोज. या बैठकांच्या सहभागींच्या याद्या प्रसिद्ध होतात. आमसभेची पहिली समिती दर ऑक्टोबरात न्यूयॉर्कला बसते, तिची भाषणं घरबसल्या बघता येतात. एका वर्षाची यादी घे आणि शिष्टमंडळाचा प्रमुख कोण, बोलायला कोण उठलं, मागच्या रांगेत बसून टिपणं कोण काढत होतं, हे तपास. चार दिवस डोळे दुखतील. पण तुला ‘सॉफ्ट’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी एवढी यादी तपासली नसेल.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते खरा जीव इथे आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं यादवी युद्ध २००२मध्ये संपलं. लढणाऱ्यांकडून शस्त्रं जमा करून घ्यायची आणि बदल्यात पैसे, प्रशिक्षण, गावी परतायची सोय द्यायची, अशी योजना होती. नाव नोंदवायचं तर बंदूक आणून द्यायची. निकष साधा आणि मोजायला सोपा. पण पळवून नेलेल्या मुली होत्या, ओझी वाहणाऱ्या होत्या, रांधणाऱ्या होत्या, काही लढलेल्याही होत्या. अनेकींकडे स्वतःची बंदूक नव्हती, किंवा होती ती कमांडरने काढून घेऊन आपल्या माणसाला दिली होती. त्या योजनेबाहेर राहिल्या. बायकांना वगळा असं कागदावर कुठेच नव्हतं, निकषानेच ते काम केलं. लिंगभावाचा (जेंडरचा) दृष्टिकोन म्हणजे काय, असं पुढच्या मुलाखतीत कुणी विचारलं तर व्याख्या सांगू नकोस, हे सांग.

किरणोत्साराचंही असंच. शरीराला किती मात्रा पोचते याचा हिशेब करायला एक नमुना माणूस लागतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने १९७५मध्ये जो ठरवला तो २० ते ३० वर्षांचा, ७० किलो वजनाचा, १७० सेंटिमीटर उंचीचा, गोरा, पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेच्या राहणीचा पुरुष. नंतर त्यात स्त्रीचं शरीरही आलं. दरम्यान हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचा जो अभ्यास वर्षानुवर्षं चालला आहे, तो सांगतो की तेवढ्याच मात्रेला गाठीच्या कर्करोगाचा धोका स्त्रियांना पुरुषांहून जास्त, आणि लहान वयात किरणोत्सार लागलेल्या मुलींना तर आणखी जास्त. अण्वस्त्र बंदी कराराच्या प्रस्तावनेत याचा उल्लेख आहे. कोस्टारिकाच्या एलेन व्हाइट यांच्या अध्यक्षतेखाली २०१७च्या जुलैमध्ये तो १२२ मतांनी मंजूर झाला. भारत त्या वाटाघाटींना गेलाच नाही. हे लिहायला कचरू नकोस, आणि उगाच ताशेरेही ओढू नकोस. आपली भूमिका काय, ती का, हे नीट मांडून मग टीका कर.

आणि दुधाच्या दातांची गोष्ट. आपल्याकडे पडलेला दात पोरं कौलांवर भिरकावतात. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८च्या अखेरपासून आयांनी ते पाकिटात घालून पाठवायला सुरुवात केली. हवेतल्या अणुचाचण्यांमधून बाहेर पडणारं स्ट्रॉन्शियम-९० गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडादातांत जातं का, हे पाहायचं होतं. सुरुवातीची वर्षं डॉक्टर लुईस रीस या बाईंनी ते काम चालवलं. पुढे गोळा झालेल्या दातांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली, आणि चाचण्या वाढत गेल्या तसं दातांतलं प्रमाणही वाढलेलं दिसलं. १९६३मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदी आली. एकट्या दातांमुळे आली असं म्हणू नकोस, क्युबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही महासत्तांना चांगलाच घाम फोडला होता. पण त्या आयांकडे पुरावा होता. ‘आम्ही आई आहोत, आमचं ऐका’ यावर त्या थांबल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडतात.

एक खबरदारी घे. लिंगभाव म्हणजे फक्त बायका नव्हेत. जगभर खून होणाऱ्यांत ८० टक्क्यांच्या आसपास पुरुष आहेत. भूसुरुंगांनी मारले वा जायबंदी होणाऱ्यांतही बहुसंख्य पुरुष आणि मुलगे. उलट जोडीदाराच्या वा घरच्या माणसाच्या हातून मरणाऱ्यांत बायका जास्त. तेव्हा बंदूक एकच असली तरी तिचा धोका कुणाला रस्त्यावर आहे आणि कुणाला घरात, हे वेगवेगळं लिहावं लागेल. आणि पुरुषपणाचं दडपण पुरुषांवरही असतं. ‘आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?’ हे आपल्या सभांमधून तू ऐकलंच असशील. अमेरिकन अभ्यासक कॅरॉल कोन यांना एका भौतिकशास्त्रज्ञाने सांगितलेला प्रसंग आहे. सहकाऱ्यांसोबत तो अणुहल्ल्याचं गणित मांडत होता. आकडे थोडे बदलल्यावर तात्काळ मरणाऱ्यांची संख्या ३ कोटी ६० लाखांवरून ३ कोटींवर आली आणि सगळे खूश झाले. तो एकदम बोलून गेला, फक्त तीन कोटी? सगळे गप्प. कुणी त्याच्याकडे बघेना. त्या क्षणी आपण बाई आहोत असं वाटलं, असं तो म्हणाला.

आता थोडं कामाचं. ‘आंतरराष्ट्रीय निःशस्त्रीकरण’ एवढा मोठा घास घेऊ नकोस. एक शस्त्र किंवा एक कलम घे. शस्त्रव्यापार कराराचं कलम ७, पोटकलम ४ हे तुझ्यासाठी सोन्यासारखं आहे. निर्यात होणारी शस्त्रं लिंगभावाधारित हिंसेसाठी वापरली जाण्याचा धोका निर्यातदार देशाने विचारात घ्यायचा, असं बंधन तिथे पहिल्यांदा आलं. ‘विचारात घ्यायचा’ म्हणजे कुणी, कोणत्या कागदांवरून, परवाना द्यायच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर, हे शोधत गेलीस तर दोन वर्षं सहज जातील.

किंवा मुंबईच घे. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं एकाच जहाजात. गोदी कामगार गेले, आग विझवायला धावलेले जवान गेले, आसपासची वस्ती जळाली. मृतांचा आकडा आजही वेगवेगळा सांगितला जातो. दारूगोळ्याचा साठा सुरक्षित ठेवण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांची जागतिक चौकट आली २०२३मध्ये. गोदीत मेले ते बहुतेक पुरुष, पण मागे राहिलेल्या बायकांना भरपाई कुणी दिली, कोणत्या कागदावर, ज्यांची प्रेतंच सापडली नाहीत त्यांच्या घरच्यांचं काय झालं? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बस. काही मिळालं नाही तर तेही लिही.

भौतिकशास्त्र शिकावं लागेल, दहावीनंतर सोडलंस तरी. अर्धायुष्य, मात्रा, सीव्हर्ट, पडताळणी, एवढं तरी न अडखळता समजावता आलं पाहिजे, नाहीतर तुला कायम ‘महिलाविषयक’ सत्राला बसवतील आणि मुख्य मसुदा दुसरेच लिहितील. पुढेमागे अणुविषयक पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती २०२०पासून खास मुलींसाठी आहे. परराष्ट्र सेवेचं म्हणशील तर दे परीक्षा, पण तिथे गेल्यावर सरकारची भूमिका मांडावी लागते, स्वतःची नाही. घोषबाईंचं उदाहरण त्यासाठीही दिलं. तुला ते जमेल का, हे तुझं तूच ठरवायचं आहेस.

आधी दुसरं प्रकरण लिही, पहिलं मागाहून. कच्चं असलं तरी चालेल, पण छापून आण, मला स्क्रीनवर वाचवत नाही. रविवारी दुपारी मी घरीच असते. मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघून निघ.

तुझी,
मॅडम