कोल्टच्या नळ्या सुजल्या: विश्रांती, कॅल्शियम की कामातच बदल?

तुमची अडचण थोडक्यात अशी: चौघांनी मिळून घेतलेला दोन वर्षांचा कोल्ट (शर्यतीचा तरुण नर घोडा), मुंबईच्या रेस सीझनच्या तयारीत पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या, म्हणजे गुडघ्याखालची लांब हाडं, सुजल्या. ट्रेनर म्हणतात, दोन महिने बॉक्समध्ये (तबेल्यातल्या खोलीत) उभा ठेवू. घरचे म्हणतात, एवढ्या कोवळ्या जिवाला पळवायचंच कशाला. आणि कॅल्शियमची पावडर सुरू करू का, असं तुम्ही विचारताय.

आधी घाबरणं थांबवा. नळीच्या पुढच्या बाजूच्या या दुखऱ्या सुजेला शिन येणं म्हणतात, आणि तो या वयाचा नेहमीचा आजार. अमेरिकेत शर्यतीच्या कोवळ्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांपैकी सुमारे 70 टक्के जनावरांना तो होतो असं जुन्या पाहणीत दिसलं होतं. कामानंतर पाय थंड झाला की उचलून धरा आणि नळीच्या पुढच्या बाजूनं अंगठा वरून खाली, दाब न बदलता फिरवा. मधल्या टप्प्यावर जनावर पाय ओढून घेतं, तिथं ऊबही लागते. मात्र दुखरी जागा एकाच बोटाखाली मावत असेल किंवा एकच पाय फार दुखत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. शिन येऊन गेलेल्या काही घोड्यांत पुढं काही महिन्यांनी त्याच हाडाला बारीक तिरपी चीर जाते, आणि ती सुजेखाली सहज लपते.

आता कारण. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे पशुवैद्य डेव्हिड नुनामेकर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. संथ कँटरमध्ये (हलक्या दौडीत) नळी जशी वाकते तशी ती भरधाव गॅलपमध्ये वाकत नाही, ताणाची दिशाच बदलते. हाड स्वतःला घडवतं ते मिळणाऱ्या ताणाप्रमाणे. म्हणजे रोज दोन-दोन मैल संथ कँटर करून घेतला तर हाड कँटरसाठी घडतं. मग एके सकाळी चार फर्लांग (फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर) जोरात सोडलं की त्या कोवळ्या हाडावर न झेपणारा भार पडतो, आणि पुढच्या पृष्ठभागावर ते घाईघाईनं कच्चं हाड चढवू लागतं. तुमच्या अंगठ्याला लागणारी सूज ती हीच.

त्यांचा उपाय वेग टाळण्याचा नव्हता. लांब कँटर कमी करायचा आणि आठवड्यातून दोनदा, कामाच्या शेवटी, फक्त एक फर्लांग सुमारे 15 सेकंदांत काढायचा. काही आठवडे तेवढंच, मग दोन फर्लांग. जुन्या ट्रेनरांना हे उलटं वाटतं, पण माझ्या पाहण्यात ज्या तबेल्यांनी हे मनापासून केलं तिथं शिनची तक्रार निम्म्याहून खाली आली.

म्हणूनच नुसतं दोन महिने उभं ठेवणं मला पटत नाही. दुखणं जाईपर्यंत आराम हवाच, पण सईसाच्या हाती रोज चालवणं सुरू राहू द्या. बॉक्समध्ये बंद असलेल्या तरुण घोड्याच्या नळीतलं खनिज कमी होतं. शिवाय शरीर खराब झालेलं हाड काही आठवड्यांत पोखरून काढतं, ती पोकळी भरायला मात्र महिने लागतात. लंगडेपणा गेला म्हणून लगेच पूर्वीच्या कामावर आणलं तर धोका याच काळात. कॅलिफोर्नियात खांद्याखालच्या मोठ्या हाडाचे फ्रॅक्चर लांब विश्रांतीनंतर परतलेल्या घोड्यांत जास्त दिसले, ते याच कारणानं असावेत. तापल्या लोखंडानं नळीला डाग देण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. त्यानं बरं होतं ते सोबतच्या सक्तीच्या विश्रांतीमुळं.

वयाबद्दल घरच्यांना सांगा की दोन वर्षांचे असताना पळालेले घोडे पुढं जास्त काळ टिकल्याचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नोंदींत दिसतं. अर्थात धट्टेकट्टे तेच लवकर पळतात, हेही त्यात आलंच.

पावडरीआधी चंदी बघा. आपल्याकडं गव्हाचा कोंडा भरभरून देतात. त्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतं, आणि ते जास्त झालं की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं. कोंडा मूठभरावर आणा, लसूणघास वाढवा. हे जमलं तर पावडरीची गरज सहसा पडत नाही. हाडं पक्की होतील म्हणून टिलुड्रोनेट किंवा क्लोड्रोनेटचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर साफ नको म्हणा. अमेरिकेत 2014 मध्ये ही औषधं मंजूर झाली ती चार वर्षांपुढच्या घोड्यांसाठी. खराब हाड काढायची प्रक्रियाच ती मंदावतात, आणि तुमच्या कोल्टला नेमकी तीच हवी आहे.

शिनपेक्षा मला भीती वाटते ती खुरावरच्या सांध्याची, म्हणजे फेटलॉकची. कॅलिफोर्नियात 1990 पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांची शवचिकित्सा होते, आणि हाड मोडून गेलेल्या बहुतेकांत त्या जागी आधीपासूनची इजा सापडते. म्हणजे इशारा मिळालेला असतो: एखादी टाप आखूड पडणं, वळणावर पुढं टाकायचा पाय न बदलणं, सांध्यात किंचित पाणी. असं दिसत असताना ब्यूटची (वेदनाशामक फेनिलब्युटाझोनची) गोळी देऊन सकाळी ट्रॅकवर काढणार असतील तर मालक म्हणून तुम्ही अडवू शकता, अडवाच.

ट्रेनरशी भांडू नका. पुन्हा काम सुरू केल्यावर पहिल्या दहा आठवड्यांत वेगाचं काम कोणत्या वारी, किती फर्लांग, एवढं लिहून मागा. ते आणि एक्स-रे इथं टाकलेत तर पुढचं बोलता येईल.