गाईच्या रक्तातला ठिपका आणि बारावीनंतरची वाट

दारव्हा तालुक्यातली बारावीची विद्यार्थिनी लिहिते: आमच्या गाईचे डोळे पिवळे पडले, दूध आटलं. लघवी मात्र लाल नव्हती. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्त घेतलं आणि ‘ॲनाप्लाझ्मा’ सांगितलं. एका जुन्या पुस्तकात तो प्रोटोझोआत (केंद्रक असलेल्या एकपेशी जीवांत) आहे, मोबाइलवर बॅक्टेरियात. खरं काय? आणि जंतूंची अशी वर्गवारी लावायचं काम आयुष्यभर करता येतं का? बाबा म्हणतात, ‘नीट’ प्रवेश परीक्षा नाही लागली तर सगळं संपलं.

बेटा,

तो बॅक्टेरियाच आहे. पण पुस्तकवाल्याला दोष देऊ नको. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थेलर यांना आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत, अगदी कडेला, गडद ठिपके दिसले. ठिपक्याला पेशीरस दिसेना म्हणून ‘ॲनाप्लाझ्मा’, कडेला बसलेला म्हणून ‘मार्जिनाले’. गोचिडातून येतो, रक्तात राहतो, म्हणून त्याला बबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या प्रोटोझोआच्या पंगतीत बसवलं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याला केंद्रकच नाही! नंतर जनुकं वाचली गेली. आता त्याचा वर्ग अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया, गण रिकेट्सिएलिस, कुल ॲनाप्लाझ्मटेसी. २००१ मध्ये या कुलाची मांडणी पुन्हा झाली आणि एर्लिकिया या जवळच्या गटातले काही जंतू ॲनाप्लाझ्मात आले.

गोठ्यात याचा फरक पडतो. ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं, बबेसियाला डायमिनाझीनसारखं वेगळं औषध द्यावं लागतं. बबेसियात तांबड्या पेशी रक्तातच फुटतात, म्हणून लघवी लाल होते. ॲनाप्लाझ्मात प्लीहा त्या पेशी वेचून मोडते, म्हणून नुसती कावीळ दिसते. लघवीचा रंग तू न विसरता लिहिलास, ते वाचून मला फार बरं वाटलं. पोरी, नजर हीच लागते या कामाला.

आता बाबांसाठी. नीट लागली तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बी.व्ही.एस्सी. कर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. माझ्या मते तुझ्यासाठी हीच वाट चांगली, कारण जनावरही हातात राहतं आणि काचपट्टीही.

नाही लागली, तर अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातून बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, मग एम.एस्सी., पीएच.डी. या वाटेनं गुरांवर उपचार करता येत नाहीत, हे आधीच समजून घे. पण जंतू ओळखणं, त्यांचं जनुक वाचणं, नवा जंतू असेल तर नियमानं नाव देणं, हे सगळं येतं. पुण्यात आणि चंदीगडला जंतूंचे राष्ट्रीय संग्रह आहेत, तिथे हेच काम चालतं. जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी.पर्यंत दम लागतो. घरची ओढाताण असेल तर बाबांशी आत्ताच मोकळं बोल.

परीक्षा झाली की त्याच डॉक्टरांकडे जा. गिम्सा रंग दिलेली काचपट्टी, तेलाचा थेंब टाकून, शंभराच्या भिंगाखाली दाखवा म्हण. पेशीच्या कडेचा तो ठिपका तुझ्या डोळ्यांनी बघ आणि वहीत काढ. मग मला पुन्हा लिही.