गाडी कलली की जमीन?

प्रश्न: काका नमस्कार. मामांची १९६७ ची एमजीबी, म्हणजे इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार, माझ्याकडं आली आहे, टपाशिवायची, तारांची चाकं. मागून बघितलं की उजवीकडं म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला बसलेली दिसते. चाक आणि मडगार्डच्या मधे डावीकडं चार बोटं सहज जातात, उजवीकडं जेमतेम दोन. डावीकडून किरकिर आवाज यायचा म्हणून मागच्या महिन्यात त्या बाजूच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) बुश बदलले, आवाज गेला. आता एक मेस्त्री म्हणतो उजवीकडं एक पाटा वाढवू, पिकअपला टाकतो तसा. दुसरा म्हणतो शॉकअप गेलेत, तेल गळतंय. इंग्लंडहून पाट्यांची जोडी मागवावी का? भाव बघून घाम फुटला म्हणून आधी विचारतोय. (एक वाचक, औसा)

उत्तर: दादा, पाटा वाढवणाऱ्याला आधी थांबवा, बाकीचं मग बोलू. पिकअपवर सोयाबीनची पोती लादायची असतात म्हणून तिथं पाटा वाढवतात, आणि तोही दोन्ही बाजूंनी. तुमच्या गाडीला एकाच बाजूला वाढवला तर उभी असताना सरळ दिसेल पण ती बाजू कडक होईल, डावीकडं वळताना एक आणि उजवीकडं वळताना दुसरीच गाडी चालवतोय असं वाटेल. मांजरसुंब्याच्या घाटात हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता पहिली गोष्ट, हसू नका, शेडची जमीन बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्यावर घातलेला कोबा चार-पाच वर्षांत कुठल्यातरी कोपऱ्यात उचलतोच. म्हणून गाडी त्याच जागेवर तोंड फिरवून उभी करा. आता बसलेली बाजू बदलली तर गाडीचं काही नाही, कोब्याचं आहे. नाही बदलली तर पुढं वाचा. मापं घ्यायला ओळखीच्या जिनिंगचा किंवा कारखान्याचा सपाट वजनकाटा मिळाला तर सोनंच, नाहीतर गवंड्याची पाण्याची नळी आणा, तिच्यात लेव्हल खोटी येत नाही. चारी टायर एकाच साइजचे आहेत ना, डाव्या-उजव्या टायरात हवा सारखी आहे ना, हे पण बघा, लाज वाटायचं कारण नाही, मी स्वतः एकदा यातच अर्धा दिवस घालवलाय.

मडगार्डला बोटं लावून माप घेऊ नका. साठ वर्षांच्या गाडीचं मडगार्ड कधी ठोकलंय, कधी लांबी म्हणजे पुटी भरून सारखं केलंय, कुणाला माहीत. खाली वाकून ॲक्सलच्या वरून बॉडीच्या लोखंडापर्यंत मोजा, ॲक्सल बॉडीला आदळू नये म्हणून बसवलेल्या बंप स्टॉपच्या रबराच्या शेजारी जागा असते, दोन्हीकडं एकाच ठिकाणी टेप लावायचा. अर्धा इंच फरक आला तर मी तरी ती गाडी तशीच चालवीन.

तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य वेगळंच आहे, ते बुशाचं. माझा अंदाज असा की तुमची उजवी बाजू बसलेली नाही, डावीच उचललेली आहे. बुश बदलताना गाडी घोडीवर असते, चाकं लोंबतात, पाटा खाली झुकलेला असतो आणि मेस्त्री त्याच अवस्थेत पाना मारून बोल्ट आवळतो. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे दोन्हीला चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पक्की होते. मग गाडी खाली उतरवली की पाटा सरळ व्हायला बघतो, रबर पिळलं जातं आणि ते पिळलेलं रबर उलट दाबून ती बाजू वर धरून ठेवतं. थोडे दिवस तसं चालतं आणि एक दिवस रबर फाटतं. मागं शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे, बुश असतात ते दोन तुकड्यांचे, पण हवेत आवळले तर ते पण आखडतात.

मग करायचं काय? पैसे न लागणारं काम आहे. मागची दोन्ही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर घ्या, म्हणजे वजन चाकांवरच राहील आणि खाली शिरायला जागा मिळेल, पुढच्या चाकांना विटा लावा. दोन्ही पाट्यांच्या पुढच्या डोळ्याचे बोल्ट आणि शॅकलचे नट ढिले करा, काढायचे नाहीत, फक्त ढिले. मागच्या बाजूला दोघांनी दाबून गाडी चार-पाच वेळा हलवा, कधी कधी 'टक' असा आवाज येऊन डावी बाजू आपोआप खाली येते. मग तिथंच आवळा आणि परत मोजा. मी एका गाडीला याच कारणासाठी नवी जोडी घालून बसलो होतो आणि नवी जोडी पण तशीच तिरकी बसली, कारण आवळणारा तोच, म्हणजे मीच.

एवढं करूनही फरक राहिला तर खोट मागं आहे की पुढं ते शोधायचं. हे ऐकून लोक चक्रावतात पण पुढची एक स्प्रिंग बसली किंवा तिचं टोक तुटलं तरी मागचा कोपरा कललेला दिसतो, चार पायांच्या बाजेचं असतं तसंच. जॅक बरोबर मधोमध, मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली लावा आणि मागची चाकं जमिनीपासून बोटभर उचला. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, तो आता कामाचा नाही, म्हणून विटा परत तपासा आणि गाडीखाली कुणी शिरायचं नाही. आता मागचा भाग एका टेकूवर डुलतोय, म्हणजे बॉडी पुढच्या चाकांच्या म्हणण्याप्रमाणं उभी राहणार. सरळ झाली तर दोष मागं. तशीच कललेली राहिली तर मागचे पाटे बिचारे निर्दोष आहेत, पुढच्या स्प्रिंगा बघा.

दोष मागंच निघाला तर पाटे मागवायच्या आधी डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावून बघा, बसतात. कल बाजू बदलून गेला तर पाटा खराब. गेला नाही तर पाटा बॉडीला जिथं अडकतो तिथं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, तुमच्या गाडीला सीटच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असणार, त्यातलं ॲसिड वर्षानुवर्षं झिरपून तिथला पत्रा पापडासारखा होतो. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडले की पाट्याची पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पण बघून घ्या. या गाडीचा मागचा ॲक्सल पाट्यांनीच धरलेला असतो, सेंटर बोल्ट तुटला तर तो एका बाजूला मागं सरकतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ओळंबा सोडून मोजा, दोन्हीकडं ९१ इंच यायला पाहिजे.

शॉकअपचं म्हणाल तर तेल गळतंय म्हणजे ते दुरुस्त करायलाच पाहिजेत, पण या लिव्हरवाल्या शॉकअपवर गाडीचं वजन नसतंच, गाडी उसळी मारते ती फक्त ते आवरतात. त्यांच्यामुळं गाडी कलत नाही. लिंक सोडून लिव्हर हातानं वरखाली करा, दोन्हीकडं सारखा जडपणा लागला पाहिजे.

आणि शेवटी मागवायचेच ठरले तर जोडीनं मागवा, आणि गाडीचं वर्ष आणि मॉडेल कळवून. ही गाडी १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनली, १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले तेव्हा तिची उंची वाढवली, आणि टपवाल्या जीटीचे पाटे परत वेगळे. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसराच पाटा लावलेली गाडी पण मी बघितली आहे, मालक तीन वर्षं शॉकअप बदलत होते. ट्रकवाल्यांकडं कमान चढवून घेतली तर स्वस्तात होतं, पण नुसतं हातोड्यानं ठोकून चढवलेली कमान लवकर उतरते, भट्टीत तापवून पाणी देणारा कारागीर असेल तरच जा.

प्रश्न: आमच्याकडं स्टँडर्ड हेराल्ड आहे. पंक्चर काढून जॅक उतरवला की मागची दोन्ही चाकं खालून आत वळलेली दिसतात. पाटा गेला का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: नाही गेला. हेराल्डला मागं आडवा एकच पाटा असतो आणि दोन्ही अर्धे ॲक्सल मधून झुलतात, जॅकवर ते लोंबले की चाकं आत येतात आणि टायर जमिनीला धरून बसतात म्हणून लगेच सरळ होत नाहीत. वीस-तीस फूट पुढंमागं ढकला, होतील. आपल्याकडच्या मेस्त्रींना हा प्रकार कधी आवडला नाही, म्हणून तर १९७२ मध्ये हेराल्ड बनवणाऱ्या मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं गॅझेल ही गाडी काढली तेव्हा तिला साधा सरळ ॲक्सल दिला. ढकलूनही चाकं तशीच राहिली तर मात्र फोटो पाठवा, मागून काढलेला, आणि फरशीवर काढा, अंगणात नको.