मुलगा लाइनमन आहे, पुढे काय?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, गेली अनेक वर्षे टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. मुलाची दहावी संपून अकरावी सुरू होत आहे. तो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात उजव्या बाजूचा टॅकल, म्हणजे पुढच्या फळीतला लाइनमन, म्हणून खेळतो. उंची सहा फूट तीन इंच, वजन 262 पौंड. कॉलेजात खेळण्याची त्याची कुवत आहे, असे प्रशिक्षक म्हणतात. तो स्वतः एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या, गोष्टी करतो. त्याच्या वडिलांना इंजिनिअरिंगशिवाय दुसरे काही मान्य नाही आणि मला त्याच्या डोक्याला बसणाऱ्या माराची धास्ती वाटते. आम्ही एच-1बी व्हिसावर असून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. त्याला या वाटेने जाऊ द्यावे का? — एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या घरात तिघांनाही निकाल आजच हवा आहे. मुलाला होकार हवा आहे, त्याच्या वडिलांना नकार, आणि आपल्याला निदान एक खात्रीचे उत्तर. लाइनमनच्या बाबतीत सोळाव्या वर्षी असा निकाल कोणालाच देता येत नाही. तो कुठवर जाईल हे विसाव्या-एकविसाव्या वर्षी कळू लागते. तोपर्यंत थांबण्याची सोय ज्याच्याकडे आहे, म्हणजे ज्याची गुणपत्रिका आणि कागदपत्रे ठाकठीक आहेत, त्यालाच ही वाट फारसे नुकसान न होता चालता येते. म्हणून खेळू द्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘द्यावे’ असे आहे. मात्र एनएफएलसाठी म्हणून नव्हे, तर कॉलेजसाठी.

आधी त्याचे काम समजून घ्या, कारण पालक बहुधा चेंडूकडे पाहतात आणि लाइनमनच्या वाट्याला चेंडू जवळजवळ येतच नाही. सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल अशा पाच जणांच्या या फळीने, क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला लागणारे अडीच-तीन सेकंद, समोरून धावून येणाऱ्यांना थोपवून धरायचे असते. टॅकल मागे सरकतो तो गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून आणि पाय एकमेकांवर न ओलांडता. त्याच वेळी त्याचे दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आतल्या बाजूला बसावे लागतात. हात बाहेरून गेले आणि जर्सी ओढली गेली की ‘होल्डिंग’चा दंड होऊन संघ दहा यार्ड मागे जातो. कॉलेजचे प्रशिक्षक चित्रफितीत हेच पाहतात: पाय, कंबर, हात, आणि शिटी वाजेपर्यंत तो झटतो की आधीच सैल पडतो. समोरच्याला आडवा पाडल्याची दृश्ये मुलांना फार प्रिय असतात. तीही ‘हडल’ या खेळांच्या चित्रफितींच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या चित्रफितीत असावीत, पण मागितल्यास देता यावेत म्हणून एक-दोन संपूर्ण सामने हाताशी ठेवावेत.

या जागेवरील मुले उशिरा तयार होतात, आणि याची उदाहरणे थेट वरच्या पातळीवर आहेत. जेसन केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीविना, ‘वॉक-ऑन’ म्हणून दाखल झाला, तोही लाइनमन म्हणून नव्हे. पुढे त्याला फळीत आणले गेले, 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेऱ्यांत, फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सहाव्या फेरीत घेतले आणि तेरा हंगाम खेळून 2024 मध्ये तो निवृत्त झाला. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळत होता. 2018 मध्ये त्याच संघाने त्याला सातव्या फेरीत घेतले तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. स्टीफन नील हा तर कॉलेजचा आणि जगज्जेता कुस्तीगीर. कॉलेजात फुटबॉल न खेळताच तो पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला. आपल्या मुलाच्या शाळेत कुस्तीचा संघ असेल तर हिवाळ्यात त्याला त्यात जरूर घाला. कंबर खाली ठेवून समोरच्याचा तोल काढणे वजनांच्या खोलीत शिकता येत नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकेत शालेय पातळीवर सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. त्यांपैकी साधारण सात टक्के एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या कोणत्या तरी विभागात पोहोचतात, आणि पहिल्या विभागात तीन टक्क्यांहूनही कमी. तेथून ड्राफ्टला पात्र ठरलेल्यांपैकी एनएफएलचे दार उघडते ते सुमारे दीड टक्क्याला. बत्तीस संघ सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडतात आणि त्यात सर्व जागांवरचे खेळाडू आले. चिरंजीवांना हा हिशोब एकदा स्वतः कागदावर मांडू द्या. आपण ऐकवल्यास त्याचा उपदेश होईल.

त्याच्या शरीराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. एनएफएलच्या फळीत तीनशे पौंडांच्या वरचे वजन सर्वसामान्य आहे, आणि टॅकलसाठी सहा फूट तीन इंच ही उंची थोडी कमीच मानली जाते. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसला भरणाऱ्या ‘कम्बाइन’ या चाचणीत चाळीस यार्डांची धाव आणि 225 पौंडांची बेंच प्रेस होते, तसेच हाताची लांबीही फूटपट्टीने मोजतात. 2023 मध्ये पीटर स्कोरोन्स्की कॉलेजातील उत्तम टॅकल असूनही हात आखूड भरल्याची चर्चा झाली. टेनेसी टायटन्सने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतले आणि गार्ड म्हणून खेळवले. तेव्हा आपल्या मुलाने आतापासून गार्ड आणि सेंटर या जागाही शिकाव्यात. वजन वाढवण्याची घाई मात्र नको. वर्षभरात पन्नास पौंड चढवून पाय जड झालेला मुलगा कोणत्याच प्रशिक्षकाला नको असतो. आणि पुढे रक्तदाब व झोपेतील श्वासाचा त्रास ही या जागेवरील खेळाडूंची जुनी दुखणी आहेत, म्हणून आहार शाळेतील मित्रांच्या सल्ल्याने न ठरवता आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

अभ्यासाची बाजू पालकांना वाटते त्यापेक्षा अधिक तांत्रिक आहे. पहिल्या विभागात खेळण्यासाठी एनसीएएला सोळा ‘कोअर’ विषय लागतात. त्यांपैकी दहा बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात, त्यातील सात इंग्रजी, गणित व विज्ञान यांतले, आणि कोअर विषयांची सरासरी (चारपैकी) किमान 2.3. ही किमान अट आहे. त्यावर समाधान मानणाऱ्या मुलाला चांगली विद्यापीठे दारात उभी करत नाहीत. टेक्सासमध्ये तर 1984 पासून ‘नो पास, नो प्ले’ हा नियम आहे, त्यामुळे एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलेला मुलगा काही काळ सामन्यांना मुकतो. माझ्या मते राज्याने पालकांवर केलेला हा मोठाच उपकार आहे.

कॉलेजचे चित्र गेल्या काही वर्षांत पार बदलले आहे. खेळाडूंना 2021 पासून आपल्या नावाचे व प्रतिमेचे पैसे घेता येतात. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे त्यांना आपल्या उत्पन्नातला थेट वाटा देऊ लागली, आणि ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्या फुटबॉल संघाची संख्या 105 वर बांधली गेली. पूर्वी पंच्याऐंशी शिष्यवृत्त्यांखेरीज वॉक-ऑन मुलांचा मोठा ताफा असे. तो आता आटत चालला आहे, म्हणजे केल्सी ज्या दाराने आत गेला ते दार अरुंद झाले आहे. शिवाय ‘ट्रान्सफर पोर्टल’ या विद्यापीठ बदलण्याच्या सोयीमुळे प्रशिक्षकांना बावीस वर्षांचा, तयार अंगाचा लाइनमन दुसऱ्या विद्यापीठातून आणता येतो, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षे कशाला थांबावे, असा विचार ते करतात. त्यामुळे मोठ्या विद्यापीठाचे बोलावणे आले नाही म्हणून मुलगा कमी प्रतीचा ठरत नाही.

आपल्या बाबतीत हाताच्या लांबीइतकाच महत्त्वाचा प्रश्न व्हिसाचा आहे, आणि पत्रात आपण तो एका ओळीत उरकला आहे. एच-4 वरील, म्हणजे एच-1बीधारकाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरील, मुलाला नोकरी वा मोबदल्याचे काम करता येत नाही. खेळाची शिष्यवृत्ती त्याला मिळू शकते, परंतु नावाचे पैसे किंवा विद्यापीठाचा वाटा स्वीकारणे त्याला महागात पडू शकते. पुढे एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घेतला तरी ही अडचण पूर्णपणे सुटत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही एच-4 वरील विद्यार्थ्याला मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, आणि योगायोग असा की हायस्कूल संपून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टला उभे राहता येत नाही, म्हणजे साधारण त्याच वयात. व्यावसायिक खेळाडूंसाठी पी-1 हा वेगळा व्हिसा आहे. परदेशी खेळाडू तेथे खेळतातच. तरीही ग्रीन कार्डाच्या अर्जात मुलाचे वय कसे धरले जाईल, हे इमिग्रेशन वकिलाकडून याच वर्षी लेखी विचारून घ्या. कोणत्याही कंपनीच्या टी-शर्टाचे, बुटांचे वा समाजमाध्यमांवरील जाहिरातीचे पैसे घेण्यापूर्वी तर अवश्य.

एनएफएलबद्दल थोडक्यात सांगतो. 2025 च्या हंगामात नवोदिताचे किमान वेतन 8,40,000 डॉलर होते. ही रक्कम डोळे दिपवते. पण उन्हाळ्यात नव्वद जणांना घेऊन सुरू होणारा संघ हंगामापूर्वी त्रेपन्नावर येतो, निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी तीन हंगाम भरावे लागतात, आणि बहुतेकांची कारकीर्द त्याच्याच आसपास संपते.

आपली धास्ती अनाठायी नाही. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी 110 मध्ये सीटीई हा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला मेंदूचा विकार आढळला. बरीच कुटुंबे लक्षणे पाहूनच मेंदू दान करतात, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला हेच होते असा अर्थ काढू नये. परंतु लाइनमनच्या डोक्याला जवळजवळ प्रत्येक चालीत लहान धक्का बसतो, आणि अशा धक्क्यांनी तो बेशुद्ध पडत नाही म्हणून ते कोणी मोजत नाही, हे खरे आहे. आपण प्रशिक्षकांना भेटून तीन गोष्टी विचारा: आठवड्यातून किती दिवस पूर्ण अंगाने भिडण्याचा सराव होतो, सरावात हेल्मेटवर मऊ टोपी घालतात का, आणि डोक्याला मार बसल्यास मैदानात परत पाठवण्याचा निर्णय कोणाच्या हाती असतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मुलाला बरे वाटले की’ असे आले, तर त्या संघात त्याला ठेवू नये असे मी स्पष्ट सांगेन.

मुलाच्या वडिलांनी खेळ आणि शिक्षण यांत जो विरोध मानला आहे तो या जागेवर तितकासा दिसत नाही. जॉन अर्शेल हा पेन स्टेटचा गार्ड बाल्टिमोर रेव्हन्सकडून तीन हंगाम खेळला, वर उल्लेखलेला अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांत निवृत्त झाला, एमआयटीतून त्याने गणितात डॉक्टरेट मिळवली आणि आज तो तेथेच शिकवतो. लॉरां दुवर्ने-टार्डिफ हा कॅन्सस सिटीचा गार्ड खेळत असतानाच मॅकगिल विद्यापीठातून वैद्यकीय डॉक्टर झाला. अर्थात असे थोडेच असतात. सामान्य, पण चांगल्या मुलासाठी मला तिसरा विभाग अधिक उपयोगी वाटतो. तेथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, परंतु प्रवेश देताना प्रशिक्षकाच्या शब्दाला बऱ्याच ठिकाणी वजन असते. एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ, आपल्या जवळचे म्हणाल तर सॅन अँटोनियोचे ट्रिनिटी, हे सगळे त्याच विभागात फुटबॉल खेळतात. आणि तेथून पुढची वाट पूर्ण बंदही होत नाही: होबार्ट कॉलेजचा अली मार्पेट 2015 मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला, टॅम्पा बेसोबत सुपर बोल जिंकला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्वेच्छेने खेळ सोडून मोकळा झाला.

तेव्हा शाळा सुरू होताच समुपदेशकाकडून त्याच्या विषयांची एनसीएएच्या यादीशी पडताळणी करून घ्या, आणि मुलाला वीस कॉलेजांची यादी करायला सांगा: पाच मोठी, पाच मधल्या फळीतील, दहा तिसऱ्या विभागातील, आणि प्रत्येक नावापुढे इंजिनिअरिंगची कोणती शाखा मिळते ते लिहिलेले. काही उत्तम कॉलेजांत ती शाखाच नसते. फुटबॉल पहिल्याच वर्षी सुटला तरी तेथे शिकायला आवडेल का, हे त्याने प्रत्येक नावापुढे स्वतः लिहावे. जेथे ‘नाही’ असेल ते नाव खोडावे. उरलेली यादी त्याच्या वडिलांनी पाहावी आणि त्यानंतर मला पाठवावी.