केमिस्ट्री न सोडता प्रोटिओमिक्सकडे

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, माटुंग्याच्या कॉलेजात टीवायबीएस्सी केमिस्ट्री करते आहे. फॉस्फोरिलेटेड (फॉस्फेट जोडलेल्या) प्रोटीन्सना रासायनिक लेबल लावून मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्राने) मोजतात, हे एका सेमिनारमध्ये ऐकलं आणि तेच करावंसं वाटतंय. बायॉलॉजी बारावीनंतर सुटली. क्लासचे सर म्हणतात, बायोटेकला एमएस्सी कर, नाहीतर या क्षेत्रात कुणी विचारणार नाही. आईबाबांना नोकरीची काळजी आहे. काय करू?

उत्तर : केमिस्ट्री सोडू नकोस. एमएस्सी ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकलमध्येच कर, बायॉलॉजी गरजेपुरती भरून काढता येते. असं का म्हणतो, ते या कामाकडे, म्हणजे प्रोटिओमिक्सकडे (पेशीतल्या प्रोटीन्सच्या एकत्रित अभ्यासाकडे), नीट पाहिलं की कळेल.

फॉस्फेट बसलं की पेप्टाइडचं (प्रोटीनच्या तुकड्याचं) वस्तुमान ७९.९६६ डाल्टनने (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं. पण स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याचे तुकडे करताना फॉस्फोरिक आम्लाचे ९८ डाल्टन झटकन गळून पडतात आणि फॉस्फेट नेमकं कुठल्या सेरीनवर (प्रोटीनमधल्या एका अमिनो आम्लावर) होतं, हे ठरवणं अवघड होतं. त्यावर २००१ च्या सुमारास एक पद्धत पुढे आली : अल्कलीने फॉस्फेट काढायचं, तयार झालेल्या दुहेरी बंधावर थायॉल जोडायचा आणि त्याला बायोटिनची खूण लावायची. बीटा-एलिमिनेशन आणि मायकेल ॲडिशन, दोन्ही तुझ्या अभ्यासक्रमातलं! अडचणीही केमिस्ट्रीच्याच. टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरचं फॉस्फेट असं निघतच नाही. सेरीनवर साखर बसलेली असेल तर तीही निघते आणि खोटं फॉस्फेट दिसतं. सिस्टीन आधी परफॉर्मिक आम्लाने ऑक्सिडाइज करून ठेवावं लागतं. शिवाय जोडणीत दोन डायस्टिरिओमर (अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपं) तयार होतात, त्यामुळे एकाच पेप्टाइडचे दोन पीक दिसू शकतात.

आज बहुतेक प्रयोगशाळा फॉस्फेट जागच्या जागी ठेवतात. फॉस्फोपेप्टाइड टायटॅनियम डायऑक्साइडवर किंवा लोहाच्या आयनांवर वेगळे करतात आणि नमुन्यांची तुलना टीएमटी (टँडम मास टॅग) लेबलने करतात. हे लेबल म्हणजे एनएचएस एस्टर. ते लायसिनच्या आणि पेप्टाइडच्या टोकाच्या अमाइनला धरतं. शंभर मिलिमोलर हेपेस बफर, पीएच साधारण ८.५, लेबल कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेलं, खोलीच्या तापमानाला तासभर, मग हायड्रॉक्सिलअमाइनने रिॲक्शन थांबवायची. वाचायला सोपं वाटतं, पण चुकतं ते इथेच. बफर ट्रिसचा घेतला तर त्याचंच अमाइन लेबल खाऊन टाकतं. पीएच खाली गेला तर अमाइन प्रोटॉन धरून बसतं, फार वर गेला तर एस्टरच पाण्याने तुटतो. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला यायच्या आत उघडली की आत दमट हवा शिरते. मुंबईच्या जुलैत तर हे फार जपायचं. आणि त्याआधी, युरियातलं प्रोटीन ३७ अंशांच्या वर तापवलं असेल तर अमाइनवर कार्बामिल (युरियातून येणारा गट) बसलेलं असतं, मग लेबलला जागाच उरत नाही. म्हणून सगळे नमुने एकत्र करण्याआधी थोडासा भाग मशिनवर चालवून लेबल किती लागलंय ते बघतात. एकदा मिसळल्यावर अडलेला नमुना वेगळा काढून दुरुस्त करता येत नाही.

बायॉलॉजीच्या बाजूने शिकायचं ते असं : किनेज (फॉस्फेट बसवणारी एन्झाइम) आणि फॉस्फटेज (ते काढणारी) काय करतात, पेशी फोडल्या क्षणापासून नमुना बर्फावर का ठेवायचा आणि त्यात सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट का घालायचं (नाहीतर पेशीतलेच फॉस्फटेज तू मोजणार आहेस ते फॉस्फेट उतरवतात), फॉस्फेट बफर किंवा ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) उरलं तर वेगळं करण्याची पायरी का बिघडते. एका सुट्टीत एवढं होतं. जोडीला थोडं आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) शीक. मॅक्सक्वांट हे मास स्पेक्ट्रोमेट्रीचा डेटा तपासणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्राइड या सार्वजनिक भांडारातला खरा डेटा उतरवून त्यावर हात बसव. फॉस्फेटच्या जागेची शक्यता ०.७५ च्या खाली असलेल्या ओळी अनेक जण का वगळतात, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की मुलाखतीत फरक पडतो.

मार्ग असा : जॅमचा (एमएस्सी प्रवेशाच्या परीक्षेचा) केमिस्ट्रीचा पेपर दे, त्यातून पवई किंवा दुसरी आयआयटी. माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) तर तुझ्या कॉलेजजवळच आहे. नंतर नेट-जेआरएफ (पीएचडीसाठी फेलोशिप देणारी परीक्षा) किंवा गेट. पीएचडीसाठी पवईला प्रोटिओमिक्सचं काम आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुविधा आहे, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात कर्करोगावर संशोधन चालतं. टीआयएफआरसाठी (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षाही बघ.

आता आईबाबांचा प्रश्न. फक्त फॉस्फोप्रोटिओमिक्सच्या नोकऱ्या थोड्या आहेत, त्याही बहुतेक संशोधन संस्थांत आणि पीएचडीनंतर. हे त्यांना स्पष्ट सांग. पण एलसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) स्वतः चालवता येणाऱ्या माणसाला औषध आणि बायोसिमिलर (जैविक औषधांच्या जवळपास सारख्या आवृत्त्या बनवणाऱ्या) कंपन्यांत काम असतं : पेप्टाइड मॅपिंग, अशुद्धी शोधणं, पद्धती प्रमाणित करणं. एमएस्सीनंतर तिकडे वळायचं दार उघडं राहतं आणि ठाणे-बेलापूर पट्टा डोंबिवलीहून लांब नाही. पीएचडी केलीस आणि जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा.

एमएस्सीचं कॉलेज निवडताना तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना भेटून एकच गोष्ट विचार : मशिनवर नमुना तुम्ही स्वतः लावता, की ऑपरेटर लावतो आणि तुम्हाला प्रिंटआउट मिळतो?