इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा केला आहे. मालिका-चित्रपटांची प्रॉडक्शन डिझायनर होता येईल का?

तुमचं वय 23, इंटिरिअरचा डिप्लोमा झालाय, सेटचं काम करायचंय, आणि घरचे म्हणतात की हे बेभरवशाचं आहे. मी 17 वर्षं हेच काम करते आहे, बहुतेक मराठी मालिका आणि थोडे चित्रपट. होता येईल, नक्की येईल. फक्त शिक्षणात लागलेली एक सवय आधी मोडावी लागेल.

इंटिरिअरमध्ये तुम्ही जे घर सजवता, त्यात माणसं उद्यापासून राहायला येणार असतात. आमच्या घरात ती तीस वर्षं राहिलेली असतात, आणि ती तीस वर्षं दोन रात्रींत भिंतींवर उतरवायची असतात. दिव्याच्या बटणांभोवती बोटांचा काळपट डाग, आजोबा टेकून बसतात तिथे डोक्याच्या तेलाचा गोल, देव्हाऱ्याच्या वर धुराचा पट्टा, काढून टाकलेल्या फोटोच्या जागी उरलेला फिकट चौकोन. यातलं निम्मं कॅमेऱ्यात दिसतही नाही. पण नट त्या खोलीत शिरला की त्याला ते जाणवतं, तो वेगळा बसतो.

एक चूक सांगते. 1968 सालच्या गिरगावातल्या चाळीचं स्वयंपाकघर उभं करत होतो. फडताळ, मांडणी, पितळी डबे, वातीचा स्टोव्ह, सगळं जमलं होतं. भिंतीवर मी 'कालनिर्णय' लावलं, जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यातून काढून वाळवलेलं. शूटिंगच्या आदल्या रात्री आमचे प्रॉपर्टीवाले, म्हणजे सेटवरचं सामान सांभाळणारे, काका भिंतीसमोर थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, हे 73 साली सुरू झालं." मी हादरले. रात्रीच ते उतरवलं आणि लक्ष्मीचं चित्र असलेलं साधं दुकानाचं कॅलेंडर लावलं.

त्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, म्हणजे त्याआधीच्या चाळीत टीव्ही नाही. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 चा, म्हणजे त्याआधीच्या पाकिटावर सहा आकडे नकोत. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, त्याआधीच्या वाण्याच्या पाटीवर भाव आण्यांत. तुम्हीही अशी वही आजच सुरू करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर ती भराभर भरेल.

नकाशा काढता येणं ही तुमची जमेची बाजू आहे, तिला कमी लेखू नका. संहिता आली की आम्ही आधी जागांची यादी करतो: कुठली खोली, दिवस की रात्र, किती प्रसंग. मग मापात फ्लोअर प्लॅन, आणि तो घेऊन कॅमेरामनसमोर बसायचं. मालिकेत दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात, त्यामुळे दिवाणखान्याची एक बाजू उघडी लागते. वर छत नसतं, तिथून दिवे येतात. एखादी भिंत सरकवता यावी लागते. पांढराशुभ्र रंग टाळायचा, तो उजेड परत फेकतो आणि चेहरे मार खातात. प्लायवर पीओपी कधी आणि नुसता रंग कधी, हे मात्र सुतार आणि पेंटर यांच्याशेजारी उभं राहूनच कळतं. वयाने मोठ्या कारागिरांना मान द्या. माझं अर्धं शिक्षण त्यांनी केलंय.

'प्रॉडक्शन डिझायनर' आणि 'कलादिग्दर्शक' यांत फरक काय, असंही तुम्ही विचारलंय. पहिला संपूर्ण चित्रपटाचं दिसणं ठरवतो, कपड्यांच्या रंगांचा सेटशी मेळही त्यात आला. दुसरा ते प्रत्यक्ष उभं करून घेतो. मराठी मालिकेत बहुतेक वेळा एकच माणूस दोन्ही करतो. प्रॉडक्शन डिझायनर हे श्रेय हॉलिवूडमध्ये 1939 साली विल्यम कॅमेरॉन मेन्झिस यांच्यापासून रूढ झालं. त्याच्या दहा वर्षं आधी कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली होती, आणि बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल तिथे हेच काम करत होते. मी कोल्हापूरची, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच 'प्रभात'च्या पुण्यातल्या आवारात आज एफटीआयआय, म्हणजे चित्रपटाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था, आहे. तिथे कलादिग्दर्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला पदवी लागते. तुमचा डिप्लोमा त्यात बसतो का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. नाही बसला तरी दार बंद होत नाही. नितीन देसाईंची सुरुवात टीव्हीवरच्या 'तमस'च्या कामात, कलादिग्दर्शक नितीश रॉय यांचे सहायक म्हणून झाली; पुढे त्यांना कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तुम्हीही एखाद्या कलादिग्दर्शकाकडे सहायक म्हणून लागा. मालिकेवर लागलात तर उत्तम, कारण तिथे रोज काहीतरी मोडतं आणि रोज उभं करावं लागतं.

आता पैसे. घरच्यांची काळजी खोटी नाही. मालिकांचे पैसे बरेचदा 90 दिवसांनी येतात, आणि सुताराला मात्र शनिवारी द्यावे लागतात. सेट ठोक रकमेवर अंगावर घेतला की मधली सगळी रक्कम तुमची अडकते. एका निर्मात्याने माझं शेवटचं बिल कधीच दिलं नाही. कामगारांचे पैसे मी आईच्या ठेवीतून चुकते केले आणि ती ठेव भरायला मला दोन वर्षं लागली. म्हणून पहिली काही वर्षं ठोक कंत्राट घेऊ नका. आपल्या मेहनतान्यावर काम करा, सामानाचा खर्च निर्मात्याने थेट करावा असं आधीच लिहून घ्या, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.

कुणाकडे काम मागायला जाण्याआधी एक करा. तुमच्या आजीचं स्वयंपाकघर, एखादं साल पक्कं ठरवून, मापात काढा. ओटा की चूल, पाणी कुठे भरून ठेवत, उजेड कुठून येई, भिंतीला खिळे किती आणि कशासाठी. मुलाखतीला सुंदर थ्रीडी चित्रं घेऊन येणारे खूप भेटतात. मी तुमच्याकडे हा कागद आधी मागेन.